दोघंही म्हणतात, दुसरा मेला

१. अहवाल आधी

वंदना खरात यांच्या टेबलावर चौकशीचा अहवाल आला, तेव्हा चौकशी अजून सुरू व्हायची होती.

अहवालात खोट काढायला जागा नव्हती. टाइप केलेला, शिक्का मारलेला, कोपऱ्यात टाचलेला. दोषीचं नाव ठळक अक्षरांत: सुमेधा लहाने, संगणक अभियंता. शेवटी 'चौकशी अधिकारी' असं छापून वर सहीपुरती जागा सोडलेली. पेनसुद्धा टोपण काढून शेजारी ठेवलं होतं. मॅडमना तेवढाही त्रास नको.

"हे काय आहे?" वंदनाताईंनी विचारलं.

"चौकशी," व्यवस्थापक राजानंद म्हणाले.

"कुणी केली?"

"तुम्हीच. म्हणजे आज करणार आहात. संध्याकाळी संचालक मंडळ बसतंय. ऐन वेळी घाई नको म्हणून निष्कर्ष तेवढा आधी काढून घेतला."

असं ते अगदी प्रेमानं म्हणाले. राजानंद यांना कुठल्याही कार्यक्रमाची आधी तयारी करायची सवय होती. एकदा त्यांनी एका संचालकाची श्रद्धांजली सभा ठरवली होती. संचालक दवाखान्यातून बरे होऊन आले आणि त्याच मांडवात त्यांचा सत्कार उरकला. मांडव वाया गेला नाही, याचंच सगळ्यांना कौतुक.

गुन्हा असा होता. मंठ्याच्या शिवार बियाणे उत्पादक सहकारी संस्थेत काल नव्या सर्व्हरचं उद्घाटन झालं आणि काल दुपारीच हंगामाच्या सगळ्या नोंदी गेल्या. चोरीला गेल्या नाहीत. जागेवरच होत्या, पण त्यांची खिचडी झाली होती. एका सोयाबीनच्या प्लॉटची उगवणशक्ती उघडली की तुरीच्या मालकाचा अर्धा फोन नंबर दिसत होता. कुणाचं बियाणं पास आणि कुणाचं नापास, हे आता फक्त देवाला माहीत होतं, आणि देवाचा पासवर्ड संस्थेत कुणाकडे नव्हता.

त्यातली एकेक नोंद वंदनाताईंच्या उगवण प्रयोगशाळेतली. ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे, मोड यायची वाट बघायची, मोड मोजायचे. राखीव नमुने कपाटात होते, म्हणून चाचण्या पुन्हा करता आल्या असत्या. पण म्हणजे अख्खा हंगाम पुन्हा ओल्या कागदात गुंडाळणं आलं. कालपासून त्या मनातल्या मनात त्या सुमेधाला उभी-आडवी झापत होत्या.

पण हा राग त्यांनी स्वतः कमावलेला होता. तोच कुणी टाइप करून आयता पुढे ठेवावा, हे त्यांना सहन होईना.

"आणि मी सही केली तर त्या मुलीचं काय होतं?"

"कामावरून कमी. शिवाय जाणूनबुजून नुकसान केलं म्हणून पोलिसात तक्रार. सूचना फलकावर तिचं नाव सकाळीच लावलंय. लोकांना कळायला नको का?"

वंदनाताईंनी पेनाला टोपण घातलं. टक् असा आवाज आला. राजानंद दचकले.

"मला आधी चौकशी करायची आहे," वंदनाताई म्हणाल्या. "गैरसोयीबद्दल माफ करा."

२. दोन साक्षीदार

सुमेधा जाफराबादची. सव्वीस वर्षांची, डोळे सुजलेले, पण आवाज ताठ. तिला सर्व्हरच्या खोलीत पाय ठेवायला बंदी होती. वंदनाताईंनी तिला हाताला धरून आत नेलं, आणि शिपायाला सांगितलं, "आरोपीला घटनास्थळी नेतात. टीव्हीवर पाहिलं न्हाई का कधी?"

खोलीत समोरासमोरच्या भिंतींना दोन काळी लोखंडी कपाटं. एकात एक सर्व्हर, दुसऱ्यात दुसरा. मधे स्टुलाएवढी डिस्कची पेटी. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात, छताजवळून, एक लाल वायर गेली होती.

"मला यातलं काही कळत न्हाई," वंदनाताई म्हणाल्या. "बियाणं समजून सांग."

"ताई, नोंदी सगळ्या या पेटीत. हे दोन सर्व्हर म्हणजे पेटीत लिहिणारे दोन कारकून. पण एका वेळेला एकानंच लिहायचं. दुसरा नुसता बसून राहतो. पहिला पडला की दुसरा उठतो आन् काम पुढं नेतो. काम थांबत न्हाई."

"पहिला पडला हे दुसऱ्याला कळतं कसं?"

"त्या लाल वायरीतून. दोघं सारखे एकमेकांना सांगून राह्यलेले असतात, मी हाय, मी हाय. आवाज बंद झाला की समजायचं, गेला बिचारा."

"आणि दोघांनी एकदमच लिहिलं तर?"

"एकाच वावरात दोन भावांनी एका वेळेला पेरलं, ताई. एकाची तूर, दुसऱ्याचं सोयाबीन, आन् वरून एकमेकांचं कोळपून राह्यले. म्हणून तर मी पंच मागितला होता."

"पंच?"

"तिसरं छोटं मशीन. दोघांचं बोलणं तुटलं तर पंच सांगतो, तू लिही, तू बस. राजानंद साहेब म्हणले, दोन भाऊ नांदतात तिथं पंच कशाला, अपशकुन हाय. मी म्हणलं, मंग पंच येईस्तोवर चालू करू नका. तर मुहूर्त निघाल्ता."

वंदनाताईंचा श्वास नाकातून जोरात बाहेर पडला. हे चांगलं लक्षण नव्हतं. त्यांच्या प्रयोगशाळेत असा श्वास ऐकू आला की मदतनीस बाहेर चहाला जात.

सुमेधानं दोन्ही सर्व्हरच्या दैनंदिन नोंदी पडद्यावर काढल्या. हिरवी अक्षरं सरकली.

"हा म्हणतो, दुपारच्या जेवणाआधी तो मेला, म्हणून मी लिहायला बसलो. आणि तो म्हणतो, हा मेला, म्हणून मी बसलो. दोघांची वेळ एकच."

"आणि मेलं कोण होतं?"

"कुणीच न्हाई! दोघं धडधाकट. जेवणं चालू असताना दोघांना एकमेकांचा आवाज परत आला. तोपर्यंत दोघांनी पेटीची माती केल्ती."

वंदनाताईंनी बराच वेळ विचार केला. दोन साक्षीदार, दोघं खरं बोलणारे, आणि दोघंही म्हणतात, दुसरा मेला. "म्हणजे मधली वायर तुटली होती."

"मीबी तेच म्हणलं. साहेब म्हणले, वर बघ."

त्यांनी वर बघितलं. लाल वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. ना गाठ, ना जोड. दोन्ही टोकांना हिरवे दिवे सुखानं लुकलुकत होते.

३. हळद

"तू कुठं होतीस त्या वेळेला?"

"गेटवर."

"गेटवर काय करत होतीस?"

"औक्षणाचं ताट धरून उभी होते. साहेब म्हणले, मुलीच्या हातून शोभतं. एकेका पाहुण्याला ओवाळून राह्यले होते. पूजा झाली आन् मला बाहेर पाठवलं, ते जेवणं होईस्तोवर कुणी आत बोलावलंच न्हाई."

हे यंत्र बसवता येणारं माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होतं, आणि उद्घाटनाच्या वेळी त्याच माणसाच्या हातात निरांजन दिलं होतं. वंदनाताईंनी भिंतीला हात टेकला. भिंत थंड होती म्हणून बरं.

"पूजेला तू आत होतीस?"

"हो ना. महाराज समद्याला हळद-कुंकू लावत सुटले. मी म्हणलं, महाराज, भोकात नका, बाहेरून लावा. तर त्यांनी विचारलं, यात जीव कुठं असतो? मी लाल वायर दाखवली. नाडीच ही. मंग त्यांनी शिडी मागवून दोन्ही टोकांना बोटभर हळद लावली."

वंदनाताईंनी खोली बघायला सुरुवात केली. बघणं हाच त्यांचा धंदा. पेरणीआधी बियाण्याला रंगाचं औषध चोळतात. पोत्यात एक दाणा बिनरंगाचा राहिला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कपाटांना हळद होती. पेटीला होती. आग विझवायच्या नळकांड्याला होती, एसीच्या रिमोटला होती, आणि 'आत येऊ नये' या पाटीवरच्या 'ये' या अक्षरालाही होती.

त्यांनी शिडी लावली, वर चढल्या आणि लाल वायरीचं टोक बोटांनी पुसलं. बोट पिवळं झालं नाही. शिडी हलवून दुसरं टोक पाहिलं. तेही नव्या नवरीच्या चपलेसारखं स्वच्छ.

"सुमेधा, ज्याच्यात जीव आहे त्यालाच तेवढी हळद नाही. ही वायर पूजेतली नाही. पूजेनंतर कुणीतरी बदलली आहे. जास्तीची वायर कुठं असते?"

"राजानंद साहेबांच्या कपाटात. समदं सामान त्यांच्याच कुलपात."

राजानंद यांना कुलपाबद्दल विचारल्यावर ते दुखावले. "मॅडम, मला काय कळतं वायरीतलं? मी कार्यक्रमाचा माणूस. संस्थेचा खर्च वाचावा म्हणून मी फीतसुद्धा एकच आणली होती, अध्यक्ष आबांपुरती. लोक उगा गठ्ठा आणतात. उद्घाटनभर मी पाहुण्यांच्या पुढं-मागं, आणि मग पंगतीत सगळ्यांबरोबर. विचारा कुणालाही."

"विचारते," वंदनाताई म्हणाल्या.

४. आबांची तक्रार

संस्थेचे अध्यक्ष कडूबा, म्हणजे सगळ्यांचे आबा, अहवालाच्या बाजूनं पक्के उभे होते.

"पोरगी कामाची न्हाई," ते म्हणाले. "नुसती कामाची न्हाई असं न्हाई, पार्टीबाज हाय, समोरच्या गटाची."

"ते कसं, आबा?"

"मी दारातली फीत कापली. साटनची, लाल, एका झटक्यात. टाळ्या झाल्या. मशीन बोललं काय? न्हाई. मुकं बसलं. मंग आतली फीत हीरालाल शेठनं कापली, आन् लगेच पीं पीं पीं पीं! थांबायचं नाव न्हाई. निवेदकानं माईकवरून सांगितलं, मशीननं शेठला सलामी दिली म्हणून. अध्यक्ष मी हाय का त्यो?"

वंदनाताई हळूच पुढे सरकल्या. "आत दुसरी फीत होती?"

"मंग? शेठ गाडीतून उतरंना. फेटा घेईना. म्हणला, उपाध्यक्ष काय नुसता टाळ्या वाजवायला असतो का? राजानंदनं समजूत काढली, शेठ, तुमची फीत आत ठेवलीय, खास. मंग उतरला. झेंडूच्या माळा गुंडाळल्या व्हत्या तिला. माझ्या फितीला एक फूल न्हाई!" आबांचा आवाज कापरा झाला. "आन् वरून सलामी त्याला. त्या पोरीनं बराबर सेटिंग करून ठेवलं असन."

एक मुलगी नोकरीला मुकणार होती, तुरुंगाच्या दारापर्यंत जाणार होती, आणि अध्यक्षांच्या मनातला तिचा गुन्हा हा होता की यंत्र चुकीच्या माणसाला पाहून वाजलं. वंदनाताईंना ओरडावंसं वाटलं. पण त्या आयुष्यभर मोड मोजत आलेल्या बाई. ओरडल्यानं मोड लवकर येत नाही.

आणि डोक्यात एक साधं गणित बसलं होतं. फीत एकच आणली होती. कापल्या दोन.

दुसरी आली कुठून?

५. बालूशाही

पंगतीचं विचारायला वंदनाताई स्वयंपाकाच्या शेडमधे गेल्या. चांगुणाबाई तिथं कालची पातेली घासत होत्या. वाढपाचा कारभार त्यांचा, आणि कोण किती जेवलं याची आठवण त्या जन्मभर ठेवत.

"मावशी, काल राजानंद साहेब जेवले का?"

"कशाचे जेवून राह्यले!" चांगुणाबाईंनी पातेलं आपटलं. "मी दोनदा पान वाढून ठिवलं. दोन्ही टायमाला रिकामा पाट. मी म्हणलं येतील, येतील. बालूशाही वाळली त्यांची. असं कधी झालं न्हाई बघा. हे साहेब बाराव्याला सुद्धा बालूशाही इचारतात."

"मग होते कुठं?"

"शिडी घिऊन चालल्ते. मी म्हणलं, साहेब, जेवा की. म्हणले, माळा उतरवतो. आता मला सांग ताई, माळा उतरवाया माणसं काय मेली व्हती? आन् माळा तर पंगत बसायच्या आधीच मी उतरवल्या."

६. मानाचा तुकडा

हीरालाल शेठांचं बियाण्याचं दुकान बाजारात, आडतीच्या ओळीत. शेठ गादीवर रागावून बसले होते. कालपासून तसेच बसले होते म्हणे. फक्त मधे जेवून आले.

"आप ही बताओ, मॅडम," शेठ म्हणाले. आमच्याकडे शेठलोक चिडले की अर्धं हिंदीत चिडतात, म्हणजे राग दोन भाषांना पुरतो. "तीन पिढ्या मंठ्यात हाय आम्ही. आबाला फीत साटनची, आन् मला असली? चिवट! चांदीची कात्री दिली, कात्री चालंना. मी दाबून राह्यलो, लोक हसून राह्यले. मंग मी म्हणलं, जाओ, प्रात्यक्षिक प्लॉटवरून मोसंबी छाटायची कात्री आणा. तिनं कापली. जिद्दीनं कापली! एकदा कापली, आन् मानाचा तुकडा पाहिजे म्हणून पुन्हा कापली."

"तो तुकडा कुठं आहे?"

"काट्याला बांधला ना. घरून सांगितलं, उद्घाटनाचा तुकडा शुभ असतो, बरकत राहते."

दुकानाच्या मधोमध वजनकाटा होता. त्याच्या लोखंडी दांड्याला, एका सुकत्या झेंडूसकट, लाल काहीतरी गाठ मारून बांधलं होतं. गाठ नीट बसली नव्हती. खऱ्या फितीची गाठ बसते.

वंदनाताई वाकल्या. त्यांनी लाल टोक दोन बोटांत धरून पिळलं. आतून केसासारख्या बारीक, रंगीबेरंगी तारा बाहेर आल्या. निळी, हिरवी, तपकिरी, नारिंगी. एकीच्या टोकाला तांबं चमकत होतं.

"शेठ," त्या शांतपणे म्हणाल्या, "संध्याकाळच्या बैठकीला येताना हा काटा घेऊन या."

"काटा? का?"

"मानानं आणा. साक्षीला येतोय तो."

७. बैठक

संचालक मंडळ जमलं. टेबलाच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला शेठ, मधे वजनकाटा. भिंतीशी सुमेधा उभी होती. तिला खुर्ची द्यायची की नाही यावर ठराव झाला नव्हता. वंदनाताईंनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि उभ्या राहून बोलल्या.

"अहवाल माझ्याकडे आला होता. तो मी वाचला. शुद्धलेखन उत्तम आहे, बाकी सगळं खोटं आहे.

"दोन सर्व्हर सांगतात, आमचा एकमेकांशी संपर्क जेवणाआधी तुटला आणि जेवणं चालू असताना जुळला. म्हणजे लाल वायर तुटली आणि मग बरी झाली. वायरीची जखम भरून येत नाही, त्यामुळे ती बदलली गेली. पुरावा हवा? पूजेत हळद लावताना महाराजांनी आग विझवायचं नळकांडंही सोडलं नाही, वायरीला तर शिडी लावून लावली. आत्ता जी टांगलीय तिला हळदीचा कण नाही.

"आता, कापली कधी? फीत एकच आणली होती, हे राजानंद साहेबांनीच अभिमानानं सांगितलं. ती आबांनी दारात कापली. तरी आत शेठनी आणखी एक कापली. शेठ म्हणतात, ती चिवट होती. आबा म्हणतात, ती कापली आणि मशीन वाजलं. शेठ रुसून गाडीत बसले होते, दुसरी फीत आणायला वेळ नव्हता, आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लाल गोष्ट आयतीच टांगलेली होती. ती छातीइतकी खाली ओढली, माळा गुंडाळल्या, आणि चांदीची कात्री शेठच्या हातात दिली. खोलीभर लोकांच्या देखत संस्थेची नाडी कापली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बघून 'थांबा' म्हणणारं एकच माणूस होतं. ते गेटवर ओवाळत होतं."

त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. सगळे वाकून बघू लागले. एका संचालकानं तार ओढून पाहिली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, उगाच.

"मला वाटलं सजावटीची दोरी असेल," राजानंद म्हणाले. कपाळावर घाम होता. "कापली शेठनी. मी नाही."

"दोरी तुटली म्हणून तुम्ही बालूशाही सोडलीत? कुलूप उघडून नवी वायर काढलीत, पंगत चुकवून शिडी चढलात? पीं पीं सुरू झाली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तेव्हा गेटवर जाऊन एक शब्द बोलला असतात तर ही पोरगी पळत आली असती. एक सर्व्हर बंद केला असता, अर्ध्या नोंदी वाचल्या असत्या. तुम्ही काय केलंत? अहवाल टाइप केलात! चूक एका घटकेची होती. तिच्यावर नाव दुसऱ्याचं घालायला तुम्ही रात्र घालवलीत."

आबांनी घसा साफ केला.

"बरं, झालं ते झालं. शेठचा मान राहिला पाह्यजे, संस्थेचाबी. अहवालात 'तांत्रिक बिघाड' एवढंच लिहू. राजानंदला समज देऊ. पोरीला जाफराबादच्या गोदामावर पाठवू, घराजवळ पडन तिला."

"कुठल्या तंत्रात बिघाड होता, आबा?" वंदनाताईंचा आवाज चढला. "यंत्रानं सांगितलं, पेटीनं बोंब मारली, हिनं आधी पंच मागितला. यात बिघडलेलं होतं ते—"

"बिलकुल न्हाई!" हे वंदनाताई नव्हत्या. हीरालाल शेठ उभे राहिले होते. "तांत्रिक बिघाड लिहिलं तर मी काय कापलं? दोरी? हवा? तालुका बघत होता! मला फसवून कापायला लावलं, ते लिहा. हीरालालनं स्वतःच्या हातानं, मोसंबीच्या कात्रीनं, दोनदा कापली, असं लिहा. माझं कापणं रद्द न्हाई होणार!"

आबांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी उजाडलं. "थांबा. म्हणजे ते पीं पीं, ती सलामी न्हवती?"

"नाही आबा. मदतीची हाक होती."

"शेठला सलामी न्हवती?"

"अजिबात नव्हती."

"मंग लिहा!" आबांनी टेबलावर थाप मारली. काटा हलला. "समदं लिहा. मशीन बोंबलत व्हतं असं लिहा. सलामी न्हवती, असं ठळक लिहा!"

अशा रीतीनं सत्य एकमतानं मंजूर झालं. अध्यक्षांनी ते उपाध्यक्षांचा मान कमी व्हावा म्हणून मंजूर केलं, उपाध्यक्षांनी स्वतःचा वाढावा म्हणून. एक मुलगी निर्दोष आहे, म्हणून मंजूर करा, असं म्हणणारा हात टेबलाभोवती एकही नव्हता. वंदनाताईंनी ते मोजलं. शून्य टक्के उगवण. असलं पोतं त्यांनी कधीच पास केलं नसतं.

राजानंद यांचं निलंबन झालं. फलकावरचा कागद त्यांनीच काढायचा, हेही ठरलं. आबा खूश होऊन उठले. "आन् या पोरीचा सत्कार करून टाकू. शाल, श्रीफळ. मंगळवारी बरा दिवस हाय."

"मला शाल नको," सुमेधा म्हणाली. बैठकीतलं तिचं हे पहिलंच वाक्य.

"मंग? पैठणी?"

"आबा, तुम्ही फलकावर माझं नाव लावलं. गावाकडून माझ्या वडलांचा फोन आल्ता, काय केलंस म्हणून. मला सत्कार नको. चूक माझी नव्हती, तुमची होती, एवढं बोला. मंग मी पेटी परत लावायला बसते. न्हाई तर मला आत्ताच्या एसटीनं जाऊ द्या."

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. संस्थेत माफीची पद्धत नव्हती, सत्काराची होती. कुणावर अन्याय झाला की त्याला शाल घालत, आणि काही संचालकांकडे आता कपाटभर शाली होत्या. आबांनी शेठकडे बघितलं. शेठनी छताकडे बघितलं. वंदनाताई आबांकडे बघत राहिल्या, पापणी न हलवता.

आबा उभे राहिले. बंडी खाली ओढली. "व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आजच्या या मंगल प्रसंगी—"

"आबा," सुमेधा म्हणाली, "थेट."

आबांना थेट काही बोलायची वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती. त्यांनी एसीकडे बघून सुरुवात केली, थांबले, आणि मग तिच्याकडे बघितलं. चांगलं नीट बघितलं. काल गेटवर तिनं ओवाळलं तेव्हाही बहुधा इतकं बघितलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझी चूक न्हवती. चुकलं ते आमचं."

आबा तसेच उभे राहिले. आणखी काहीतरी होणार, छत पडणार, पद जाणार, असं त्यांना वाटत असावं. काही झालं नाही.

"एवढंच व्हतं?" त्यांनी अचंब्यानं विचारलं.

"एवढंच," सुमेधा म्हणाली, आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली घ्यायला हात पुढे केला.